भाड्याचें अरण्य

मनुष्यानें घर बांधलें तें अरण्याच्या भयानें. आणि घर पुरेसें पक्कें झाल्यावर त्यास अरण्याची ओढ लागली. ही ओढ आजकालची नाहीं. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिनें १७८३ सालापासून व्हर्सायच्या राजोद्यानांत एक लहानसें खेडें उभारविलें. त्यांत गवती छपरांचीं घरें होतीं, तळें होतें, गुरें होतीं, दूधदुभत्याची खोली होती. फक्त खेड्यांतील दारिद्र्य नव्हतें. राणीची ही हौस आतां मध्यम स्थितींतील कुटुंबांच्या आवांक्यांत आली आहे. चार दिवसांची सुट्टी काढावी, आगाऊ भाडें भरावें आणि मुलाबाळांसह झाडींतील लांकडी घरांत किंवा तंबूंत जाऊन राहावें, हा प्रघात अमेरिकेंत पन्नास वर्षांहून जुना आहे, व आपल्याकडेहि पवना धरणाच्या कांठापासून चिखलदऱ्यापर्यंत तो झपाट्यानें पसरत आहे.

अशा राहण्यानें मनुष्याचें कांहीं हित होतें, कीं तो पैसे देऊन स्वतःची फसवणूक करून घेतो? हा प्रश्न आम्हांपुढें दोन निरनिराळ्या प्रसंगीं आला. पहिल्या प्रसंगीं तो केवळ करमणुकीचा होता. दुसऱ्या प्रसंगीं मात्र आमच्या एका आप्ताच्या पोटाचा प्रश्न त्यांत गुंतलेला होता, आणि त्यामुळें उत्तर दिल्यावांचून सुटका नव्हती.

पहिला प्रसंग फ्लॉरिडांतील. आमची कन्या व जावई नोकरीनिमित्त अमेरिकेंत असतात. नाताळच्या सुट्टींत त्यांनीं आम्हां उभयतांस वॉल्ट डिस्ने वर्ल्ड ही करमणूक-नगरी दाखविण्यास नेलें, व उतरण्याची सोय हॉटेलांत न करतां तेथील फोर्ट विल्डरनेस नांवाच्या छावणींत केली. या नांवाचा अर्थ 'अरण्यदुर्ग' असा करतां येईल. नगरी १९७१ च्या ऑक्टोबरांत उघडली आणि ही छावणी त्याच वर्षीं नोव्हेंबरांत. सुमारें साडेसातशें एकरांच्या पाइन व सायप्रस वृक्षांच्या झाडींत ती वसविलेली आहे. कोणी आपला तंबू आणून लावतात, कोणी चाकांवरचें घर मोटारीमागें ओढून आणतात. अशा जागांनाहि नळ व वीज यांची जोडणी मिळते. ज्यांस ही यातायात नको, त्यांच्यासाठीं केबिनी आहेत. जुन्या केबिनी काढून २०२४ सालीं त्या जागीं नव्या उभ्या केल्या आहेत. सहा माणसांची निजण्याची व्यवस्था, हवा थंड करण्याचें यंत्र, शेगडी, फ्रिज, भांडींकुंडीं, सर्व कांहीं सिद्ध. संध्याकाळीं मोकळ्या जागेंत शेकोटी पेटते. खारींचीं सोंगें घेतलेले दोघेजण मुलांबरोबर गाण्यांत नाचतात, आणि मुलें पांढऱ्या मऊ मिठाईचे तुकडे काडीस टोंचून विस्तवावर भाजून खातात. गाणीं संपलीं कीं पडद्यावर चित्रपट. अरण्य इतकें आज्ञाधारक असूं शकतें, हें आम्हांस तोंपर्यंत ठाऊक नव्हतें.

आम्ही तेथें नाक मुरडण्याच्या तयारीनेंच गेलों होतों, हें कबूल केलें पाहिजे. इंग्रजी वाङ्मय शिकविणाऱ्या मनुष्याच्या मनांत अशा वेळीं थोरो उभा राहतो. १८४५ च्या ४ जुलै रोजीं हा गृहस्थ वॉल्डन तळ्याच्या कांठीं स्वतः बांधलेल्या झोपडींत राहावयास गेला; दोन वर्षें, दोन महिने व दोन दिवस राहिला; आणि झोपडीस अठ्ठावीस डॉलर साडेबारा सेंट खर्च आला, असा हिशेबहि त्यानें छापून ठेविला. त्या हिशेबाशेजारीं आमच्या केबिनीचें भाडें मांडून पाहावें असें मनांत आलें. पण जावयानें तो आंकडा आम्हांस शेवटपर्यंत सांगितला नाहीं. तथापि थोरोच्या नांवानें दुसऱ्यास हिणविण्यापूर्वीं त्याच्या कथेंतील दोन गोष्टी विसरूं नयेत. तळ्याकांठची ती जमीन त्याच्या मित्राची, एमर्सनची, होती. आणि आईबापांचें घर पायीं जाऊन येण्याच्या अंतरावर असून तेथें तो वरचेवर जात असे. म्हणजे त्याचेंहि अरण्य अगदींच निराधार नव्हतें. सोय किती वाढली म्हणजे अरण्य खोटें होतें, ही रेघ ओढणें वाटतें तितकें सोपें नाहीं.

शिवाय दुसऱ्या दिवशीं सकाळीं एक गोष्ट आमच्या ध्यानांत आली. आमच्या सौभाग्यवतींनीं आजवर केलेल्या प्रत्येक प्रवासांत, मग ती यात्रा असो, हवापालट असो कीं कोणाचें लग्न असो, दुसऱ्या कोणाच्या तरी चुलीपुढें काम केलेलें आहे. पाहुणी म्हणून गेलेल्या स्त्रीनें यजमानिणीच्या हाताखालीं उभें राहावें, हा आपला शिष्टाचार. पुरुष ज्यांस निसर्गाच्या सहवासांतील दिवस म्हणतात, त्या दिवसांत पाणी कोणीं आणलें, चूल कोणीं फुंकली, रात्रीं अंधारांत बाहेर जाण्याची भीति कोणास वाटली, हें लिहिण्याची पद्धत नाहीं. त्या केबिनींत त्यांनीं ओसरीवर बसून दोन तास नुसतीं झाडें पाहिलीं. संध्याकाळीं शेकोटीपाशीं एक वृद्ध गृहस्थ चाकांच्या खुर्चींतून आले होते. त्यांच्याहि चेहऱ्यावर विस्तवाचा तोच उजेड पडला होता. ज्याच्या अंगांत कष्ट सोसण्याची शक्ति आहे त्यानेंच झाडाखालीं बसावें, असा नियम निसर्गानें केलेला नाहीं.

भाड्याच्या बाजूनें याहून मोठी एक गोष्ट सांगतां येते, आणि ती आपल्याच इतिहासांतील आहे. जुन्या धर्मशाळांचे व जुन्या आतिथ्याचे गोडवे गाणारांनीं त्या दारांत प्रथम काय विचारलें जाई, हें आठवावें. जात विचारली जाई. १९१७ सालीं डॉ. आंबेडकर परदेशांत शिकून बडोदें संस्थानच्या नोकरीस आले, तेव्हां त्या शहरांत त्यांस उतरण्यास जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेंत पारशी नांव लावून ते कसेबसे राहिले. परंतु थोड्याच दिवसांत काठ्या घेतलेल्या मंडळीनें येऊन त्यांस तेथून निघावयास लावलें. ही हकीकत त्यांनीं स्वतःच लिहून ठेविली आहे. भाडें घेऊन किल्ली देणारा कारकून आपलें काम नीट करीत असेल, तर पैशाखेरीज कांहीं विचारीत नाहीं. पैशास गरीब दिसत नाहीं, हा त्याचा दोष. पण त्यास जातहि दिसत नाहीं, हा त्याचा गुण. ज्यांच्या पूर्वजांच्या तोंडावर दारें बंद झालीं, त्यांस हा गुण लहान वाटणार नाहीं.

मग आक्षेप उरतो तो खोटेपणाचा. पण किर्लोस्करांच्या 'शाकुंतल' नाटकांतील तपोवन कापडाचें होतें, म्हणून प्रेक्षक फसविले गेले, असें कोणी म्हणत नाहीं. पडदा रंगविलेला आहे, हें नटासहि ठाऊक असतें व प्रेक्षकासहि. फोर्ट विल्डरनेसच्या हद्दींतच १९७६ सालीं खेड्यांतील जुन्या डोहाचा देखावा करून पोहण्याची जागा बांधली होती. ती २००१ सालीं बंद झाली. त्यामुळें कोणा गांवाचें पाणी तुटलें नाहीं, कोणाचा घाट उजाड झाला नाहीं, कोणाच्या दैवताचें स्नान चुकलें नाहीं. जें सोंग म्हणून जन्मलें, तें सोंग म्हणून संपलें. केबिनींतील दोन रात्रींचा आमचा अभिप्राय असा झाला कीं, ही करमणूक महाग असली तरी निरुपद्रवी आहे. या अभिप्रायावर आम्ही सहा महिने स्वस्थ होतों.

आतां दुसरा प्रसंग. नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यांतील इस्लापूर हें आमचें मूळ गांव. मुदखेडहून आदिलाबादकडे जाणारी आगगाडी या बाजूनें जाते. गांवापासून थोड्या अंतरावर पैनगंगेचा सहस्रकुंड धबधबा आहे. अलीकडचा कांठ नांदेडचा, पलीकडचा यवतमाळचा. पूर्वीं या नदीच्या एका तीरावर निजामाचें राज्य होतें व दुसऱ्या तीरावर वऱ्हाड होतें. १९५६ सालीं दोन्ही तीर एका राज्यांत आले. पावसाळ्यांत नदी फुगली म्हणजे काळ्या खडकांच्या कड्यावरून गढूळ पाण्याचे लोट अनेक धारांनीं खालीं कोसळतात, आणि त्यांचा आवाज दृष्टीआधीं कानांस भेटतो. कांठावर महादेवाचें देऊळ आहे. आसपास साग, मोह, पळस व टेंभुर्णी यांचें रान.

गेल्या जूनच्या पहिल्या आठवड्यांत कन्या सुट्टीवर आली असतां आम्ही सर्वजण तेथें गेलों. पाऊस अद्याप आला नव्हता. कडा कोरडा होता. खडकांच्या खळग्यांत थोडें हिरवें पाणी सांचलें होतें. दोन बायका त्या कडेला धुणीं धूत होत्या. आमची सात वर्षांची नात बराच वेळ त्या काळ्या दगडांकडे पाहत राहिली आणि मग तिनें विचारलें, "आजोबा, हा किती वाजतां सुरू होतो?"

सर्वजण हंसले. आम्हांस मात्र हंसूं आलें नाहीं. तिचा प्रश्न मूर्खपणाचा नव्हता, अनुभवाचा होता. तिनें पाहिलेले बहुतेक धबधबे वेळापत्रकाप्रमाणें चालणारे होते. पंप सुरू केला कीं पाणी पडतें, पंप बंद केला कीं थांबतें. आणि तें पडतें तें पाहणारासाठींच. पैनगंगा कोणासाठीं पडते, या प्रश्नास उत्तरच नाहीं. ती पावसाच्या हिशेबानें चालते, वरच्या अंगाच्या इसापूर धरणांतून काय सुटतें त्यावर चालते. पाहणारा आला काय, न आला काय. नाटकाचा पडदा निर्दोष खरा, पण ज्यानें झाड पाहिलें आहे त्याच्यापुरताच. ज्यानें पडदाच आधीं पाहिला, त्यास पुढें झाडहि कोणीतरी रंगविलेलें वाटूं लागतें. आमच्या पहिल्या अभिप्रायास ही पहिली चीर पडली.

त्याच रात्रीं अंगणांत बाजेवर बसलों असतां आमच्या पुतण्यानें आपला बेत सांगितला. नदीकडच्या वाटेला वडिलार्जित सहा एकर जमीन तो कसतो. कापूस, सोयाबीन, तूर हीं पिकें. सर्व भिस्त पावसावर. तेथें चार लांकडी केबिनी व दहा तंबू उभारावे. उन्हाळ्यांत येणारे लोक निराश होऊं नयेत म्हणून पंपावर चालणारा एक लहान धबधबा बांधावा. आणि दर शनिवारीं रात्रीं शेकोटीभोवतीं जवळच्या पाड्यावरच्या गोंड तरुणांचें नृत्य ठेवावें, असा त्याचा विचार होता. कर्जाची चौकशीहि त्यानें केली होती. "काका, तुम्ही तिकडचं पाहून आलात," तो म्हणाला, "तुम्हीच सांगा, हें करूं कीं नको? एक पाऊस चुकला तर आमच्या हातीं काय उरतं, तें तुम्हांला ठाऊक आहे."

आम्ही तत्काळ उत्तर दिलें नाहीं. ज्याची भाकरी शहरांतील पगारावर आहे, त्यानें गांवीं राहिलेल्या मनुष्यास निसर्गाच्या पावित्र्यावर व्याख्यान द्यावें, हें आम्हांस लाजिरवाणें वाटलें. ज्या शांततेचें आम्हांस वर्षांतून दोन दिवस कौतुक वाटतें, तिचें भाडें बाराही महिने तो भरीत असतो. तेव्हां खोल्या बांधून चार पैसे मिळवावे, याविरुद्ध आम्हांस कांहींच म्हणावयाचें नव्हतें. पाहुण्यास निजण्यास जागा व खाण्यास भाकरी देऊन त्याचें मोल घेणें, हा प्रामाणिक धंदा आहे. इतर दोन गोष्टी मात्र आमच्या गळीं उतरेनात, आणि कां उतरेनात याचा विचार करतां फ्लॉरिडांत न सुचलेला भेद आमच्या ध्यानांत आला.

तेथें खोट्या वस्तु खोट्या म्हणून उभ्या केल्या होत्या. येथें खरी वस्तु खोटी करावयाची होती. सहस्रकुंडाच्या हांकेच्या अंतरावर पंपाचा धबधबा बांधणें, म्हणजे नदीस तिच्याच दारांत असें सांगणें कीं, तुझें कोरडें पडणें हा सेवेंतील दोष आहे. वास्तविक तें कोरडें पडणें हेंच त्या प्रदेशाचें सत्य आहे. पुतण्याचा कापूस ज्या कारणानें करपतो, त्याच कारणानें कडा सुकतो. पाहुण्यानें जूनमध्यें येऊन तो कोरडा खडक पाहिला, तर यजमान कशावर जगतो हें त्यास कळण्याचा कांहीं संभव तरी आहे. पंपाची धार त्याच्या डोळ्यांपुढें आडवी धरली, तर तोहि संभव गेला.

नृत्याची गोष्ट याहून गंभीर. किनवट-माहूरच्या व पलीकडे आदिलाबादच्या गोंडांत दिवाळीच्या सुमारास दंडारीचीं पथकें निघतात. पूजा करून पथक गांव सोडतें. मोरपिसांचे मोठे मुकुट घातलेले गुसाडी त्यांत असतात. एका गांवचे लोक दुसऱ्या गांवीं पाहुणे होऊन जातात, नाचतात, जेवतात. तें नृत्य त्यांच्या देवतेचें, त्यांच्या सोयरिकीचें व त्यांच्या ऋतूचें आहे. खारींचीं सोंगें घेणाऱ्या दोघांनीं रोज संध्याकाळीं नाचावें, यांत कोणाचा देव बाटत नाहीं, कारण त्या खारी कोणाच्याच दैवत नाहींत. परंतु दंडारीस दर शनिवारीं आठ वाजतां जेवणापूर्वीं उभें करणें, म्हणजे दुसऱ्याच्या सणाचा पडदा करणें होय. आणि हे लोक कोण? ज्यांस जंगल ही सुट्टी नव्हे. शेजारच्या आदिलाबाद मुलखांत कुमराम भीम हा गोंड पुढारी याच जंगलजमिनीच्या हक्कासाठीं निजामाच्या सरकारशीं लढतां लढतां १९४० सालीं मारला गेला. वनांतील रहिवाशांचा हक्क कायद्यानें मानला जाण्यास २००६ साल उजाडावें लागलें. ज्याचा बाप कुडाच्या झोपडींतून पक्क्या छपराखालीं जाण्याची वाट पाहत आहे, त्यानें कुडाच्या झोपडीची नक्कल करून दिलेल्या जागेपुढें, भाडें भरलेल्या लोकांसाठीं नाचावें, यांत कांहीतरी विपरीत आहे, हें सांगण्यास तत्त्वज्ञान नको.

कालिदासानें आपल्या राजास कण्वाच्या आश्रमांत नेलें, तेव्हां प्रवेशापूर्वीं त्याच्या हातून अलंकार व धनुष्य सारथ्याकडे देवविलें. दुष्यंत सार्वभौम होता. त्यास कोणी अडविणार नव्हतें. तरी जेथें आपण पाहुणे आहों, तेथें आपलें सामर्थ्य दारीं ठेवून आंत जावें, एवढी समज कवीनें त्यास दिली. भाडें हें आमच्या काळचें धनुष्य आहे. तें पाहुण्याच्या हातीं असणें हा गुन्हा नव्हे. त्याच्या बळावर मिळालेल्या खोलीबद्दल आम्हीं वर चांगलें बोललोंच आहों. पण खोलीबरोबर नदी, सण व माणसें हींहि भाड्यांत आलीं, असें ज्यास वाटूं लागलें, त्यानें तें धनुष्य घेऊनच आश्रमांत पाऊल टाकलें. दोष केबिनीच्या भिंतींत नाहीं. भाड्याची मर्यादा कोठें संपते, याच्या विसरांत आहे.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं पुतण्यास आमचें मत सांगितलें. खोल्या बांध; स्वच्छ ठेव; स्त्रियांस निर्भय वाटेल अशी व्यवस्था कर; दारांत जात विचारूं नकोस व कोणास विचारूं देऊं नकोस. पाड्यावरचीं माणसें कामास घे, पण कामाचे पैसे दे, नाचाचे नको. महादेवाकडे व नदीकडे जाणाऱ्या वाटेस कुंपण घालूं नकोस. आणि ज्या महिन्यांत धबधबा नाहीं, त्या महिन्यांत धबधबा नाहीं असें आधींच लिहून दे. त्यानें ऐकून घेतलें, आणि विचारलें, "आणि त्या महिन्यांत लोक आलेच नाहींत तर?" या प्रश्नाचें उत्तर आमच्यापाशीं नव्हतें, व अद्याप नाहीं. सत्य सांगण्यास किंमत पडते. ती आम्हांस पडावयाची नव्हती, त्यास पडावयाची होती, एवढें आम्हीं त्याजपाशीं कबूल केलें.

पुढील हकीकत थोडक्यांत सांगतों. नृत्याचा प्रश्न आमच्या उपदेशानें सुटला नाहीं. पुतण्यानें पाड्यावर जाऊन एका म्हाताऱ्या गोंडास विचारलें, तेव्हां तो म्हणाला, "दिवाळीला या. तुमच्या पाहुण्यांनाहि आणा. पैसे नकोत, जेवून जा." आमच्या दोन दिवसांच्या विचारांत जें नीट मांडतां आलें नव्हतें, तें त्यानें चार वाक्यांत सांगून टाकलें. जो विकत घेतला जाणार होता, तो यजमान झाला. आणि विकत घेणारे पाहुणे झाले. चार केबिनींचें काम आतां सुरू आहे. पंपाचें पुतण्यानें अद्याप ठरविलेलें नाहीं, आणि आम्हींहि पुन्हां विचारलेलें नाहीं.

जुलैमध्यें पैनगंगेस पूर आला. नात तोंवर अमेरिकेस परतली होती. तिनें फोनवर विचारलें, "आजोबा, तो सुरू झाला का?" आम्ही म्हटलें, "झाला." "कोणीं सुरू केला?" हा तिचा पुढचा प्रश्न. पुढच्या खेपेस तिला पावसाळ्यांत घेऊन यावें, असें आम्हीं कन्येस कळविलें आहे. त्या प्रश्नाचें उत्तर इस्लापुरास उभें राहूनच द्यावें लागेल.